तुकड्या वर्गांच्या की मनांच्या?

विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २००१ साली देशात ५,४२५ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या होत्या. २०२२ साली हा आकडा १३,०४४ वर गेला. न्यायालयास हात घालावा लागला, तो या भीषण वस्तुस्थितीमुळे. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, हे तत्त्व बहुतेकांच्या ध्यानात राहिले. आमच्या मते त्याहून महत्त्वाचे तत्त्व दुसरेच आहे. गुणवत्तेनुसार विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडू नयेत व त्यांना चारचौघांत अपमानित करू नये, असे न्यायालयाने बजावले आहे. मात्र त्यास ‘शक्यतो’ हा शब्द जोडलेला आहे, आणि आमची चिंता त्या एका शब्दापाशी आहे.

‘अ’ तुकडी हुशारांची आणि शेवटची तुकडी ‘ढ’ मुलांची, हे आपल्याकडे कोणास समजावून सांगावे लागत नाही. ही वाटणी शिक्षकांच्या सोयीची असेल. परंतु मुलाच्या मनात ती काय पेरते, याचा विचार कोणी केला आहे काय? मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बालपणापासून वार्धक्यापर्यंतच्या आठ अवस्था वर्णिल्या आहेत. शालेय वयात मूल ‘मला काय करता येते?’ हे अजमावीत असते. त्या वयात हाताला यश आले नाही, तर न्यूनत्वाची भावना घर करते. पुढे कुमारवयात ‘मी कोण?’ हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर शोधण्यास अवधी लागतो, चुकण्याची मुभा लागते. खुद्द एरिक्सन शाळा सोडल्यावर काही वर्षे चित्रकार म्हणून युरोपात भटकत होते. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधीच मिळविली नाही.

आपण मुलांना हा अवधी देतो काय? प्रश्न मनात उमटण्यापूर्वीच त्याचे उत्तर तुकडीच्या पाटीवर लिहिलेले असते. दहावीचा निकाल लागला की टक्केवारी पाहून शाखा ठरते आणि शाखेवरून घराण्याची अब्रू! ज्याला सतत ‘ढ’ म्हटले, तो प्रयत्न सोडतो. ज्याला सतत ‘हुशार’ म्हटले, त्याचीही सुटका नाही. पहिल्याच अपयशात त्याची सारी ओळख कोसळते. शिकवणीवर्गांच्या वसतिगृहांत राहणाऱ्या कित्येक मुलांची व्यथा हीच आहे.

कच्च्या मुलांकडे स्वतंत्र लक्ष देता यावे म्हणून तुकड्या पाडतो, असे यावर सांगण्यात येईल. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पण मग गणितात कच्च्या असलेल्या मुलास गणितापुरते जादा तास द्यावेत. तोच मुलगा चित्रकलेत, खेळात वा भाषेत पुढे असेल. त्याला सर्वच विषयांत मागच्या रांगेत बसविण्याचे कारण काय? शिवाय शेवटच्या तुकडीस सर्वांत अनुभवी शिक्षक मिळतात, असे छातीवर हात ठेवून सांगणारे मुख्याध्यापक किती निघतील?

‘शक्यतो’ या शब्दाची पळवाट बुजविणे राज्य शासनाच्या हाती आहे. शाळा व शिकवणीवर्ग या दोहोंना लागू पडेल असा स्पष्ट नियम शासनाने करावा आणि तो पाळला जातो की नाही, हे तपासावे. समुपदेशक अवश्य नेमावेत. पण एका हाताने जखम करावयाची आणि दुसऱ्या हाताने मलमपट्टी, असा हा व्यवहार होता कामा नये. पालकांसही आमचे एक सांगणे आहे. निकालाच्या दिवशी ‘किती मिळाले?’ हा प्रश्न सारे जग विचारणारच आहे. घराने तरी आधी ‘तुला काय आवडते?’ हे विचारावे, आणि उत्तर यावयास वेळ लागला तर थांबण्याचा धीर धरावा.