बर्फ नव्हता, म्हणून श्रीनगर दिसलं!

बॉसच्या मागे लागून पाच दिवसांची लीव्ह मिळवली. प्लॅन एकदम सिंपल : जानेवारी २०२४, गुलमर्ग आणि स्कीइंग! सोबत आई-आण्णा. सगळं आयुष्य बीडजवळच्या पालीत काढलेल्या आण्णांना एकदा तरी बर्फ दाखवायचा, ही माझी जुनी हौस.

गुलमर्गला पोचलो, तर काय? उतारांवर पिवळं गवत! त्या वर्षी ऐन ‘चिल्लई कलां’त, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या कडाक्याच्या चाळीस दिवसांत, काश्मीर कोरडं होतं. माझा चेहरा पडला. आण्णा मात्र मोडक्या हिंदीत टॅक्सीवाल्याशी गप्पा मारत बसले. हिवाळ्यातला हाच बर्फ वितळून उन्हाळ्यात नद्यांना आणि शेतांना पाणी मिळतं, हे कळल्यावर म्हणाले, “म्हंजे हेबी दुष्काळच की गं.” बिंदुसरा धरण आटताना पाहिलेला माणूस, त्याला वेगळं काय सांगायचं?

मग उरलेले दिवस पन्नासेक किलोमीटरवरच्या श्रीनगरात काढले. आणि खरं सांगते, पैसे तिथेच वसूल झाले! आपण दल लेकवर शिकारा, फोटो आणि शॉपिंग उरकतो. जुनं शहर राहूनच जातं. नौहट्ट्याच्या जामा मशिदीत देवदारच्या अख्ख्या खोडांचे ३७८ खांब आहेत. सुलतान सिकंदरच्या काळातली, म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीची ही मशीद आगी लागूनही पुन:पुन्हा उभी राहिली. पुढे झेलमकाठी शाह-ए-हमदानची लाकडी खानकाह, आत रंगीत पेपर माशेचं काम. सकाळी कांदूरच्या भट्टीतली गरम गिरदा रोटी आणि गुलाबी, खारट नून चहा. पहिल्या घोटाला आईचा चेहरा बघण्यासारखा होता! शहरात सोनं गाळणारी सांगलीकडची मराठी कुटुंबंही आहेत. गणपतीसुद्धा बसवतात.

तेव्हा मंडळी, गुलमर्गला जाणार असाल तर श्रीनगरला दोन दिवस ठेवाच. निघण्याआधी बर्फाचा अंदाज बघा. एप्रिल २०२५च्या पहलगाम हल्ल्यानंतर बरीच ठिकाणं बंद केली होती, मग टप्प्याटप्प्याने उघडली. त्यामुळे काय सुरू आहे, तेही विचारून घ्या.

जानेवारी संपता संपता गुलमर्गला बर्फ पडला. मी ऑफिसात, मीटिंगमध्ये. पालीहून आण्णांचा फोन : “टीव्हीवर दाखवायलेत. पडला बरं का. सुटली बिचारी!”