पडलेली घरे आणि खचलेली मने

भूकंप, महापूर किंवा वादळ यांची वार्ता कानी पडली की आपल्या मनात पहिला विचार येतो तो अन्नाचा, वस्त्राचा आणि निवाऱ्याचा. तो योग्यच आहे. भुकेल्याला प्रथम भाकरी हवी, उपदेश नव्हे. परंतु पडलेल्या घरांची गणती करता येते, वाहून गेलेल्या पिकांचा पंचनामा होतो. खचलेल्या मनाचा पंचनामा मात्र कोणी करीत नाही. म्हणूनच मदतीच्या गाड्या परत गेल्या म्हणजे संकट संपले, असा समज समाजात रूढ झाला आहे. हा समज किती अपुरा आहे आणि खचलेले मन खरोखर कशाने सावरते, याविषयी काही विचार विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावेत, असे वाटते.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बांधलेले आजवा सरोवर आपल्याच वाघोडिया तालुक्यात आहे. ते तुडुंब भरले की त्याचे पाणी विश्वामित्रीत जाते आणि बडोदे शहराचा जीव टांगणीला लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने २५ फुटांची धोक्याची रेषा ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. कित्येक कुटुंबे वरच्या मजल्यांवर व गच्च्यांवर अंधारात अडकून पडली. यथाकाल पाणी ओसरले, चिखल उपसला गेला, दुकाने उघडली. परंतु पावसाची मोठी सर आली की रात्री उठून दाराशी पाणी आले काय, हे पाहणारी माणसे आपल्या परिचयात नाहीत काय?

मराठी माणसाच्या स्मरणात या बाबतीत जो सर्वांत मोठा घाव आहे, तो किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत असताना, लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यांत धरणी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड धाबी झोपलेल्यांच्या अंगावर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपानंतर थोड्याच काळाने मानसोपचारतज्ज्ञांनी तेथील वाचलेल्या लोकांची एक लहानशी पाहणी केली, तेव्हा तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत मनोविकाराची लक्षणे आढळली. शरीराला ओरखडाही नसलेली माणसे आतून मोडली होती.

असे का व्हावे? ज्या जमिनीवर आपण निःशंक पाय ठेवतो, ज्या छपराखाली निश्चिंत झोपतो, त्यांच्यावरचा विश्वासच अशा प्रसंगी उडून जातो. झोप येत नाही. आली तर तेच दृश्य स्वप्नात दिसते. लहानशा आवाजाने छाती धडधडते. लहान मुले आईचा पदर सोडीत नाहीत, अंथरूण ओले करतात, खेळातही घर पाडून दाखवितात. आणि सर्वांत बोचणारा प्रश्न असतो तो हा : ‘ते गेले, मग मीच का राहिलो?’ या गोष्टी भित्रेपणाच्या किंवा वेडाच्या नव्हेत. विलक्षण प्रसंगाला मनाने दिलेले ते स्वाभाविक उत्तर होय. बहुसंख्य लोकांत ही लक्षणे काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतात. मात्र ती ओसरावीत अशी परिस्थिती भोवती असावी लागते.

येथे आपण सद्हेतूने दोन चुका करतो. पहिली चूक म्हणजे ‘रडू नका, झाले ते विसरा,’ असे सांगणे. ज्याचे सर्वस्व गेले त्याला अश्रूंचाही अधिकार नसावा काय? दुसरी चूक याच्या उलट : ‘काय काय झाले ते सांगा,’ म्हणून दुःखिताला पुनःपुन्हा बोलते करणे. दुःख ओकून टाकले की मन हलके होते, अशी समजूत आहे. परंतु आपत्तीनंतर लगेच, इच्छा नसता बोलायला लावल्याने लाभ होत नाही, असे आता तज्ज्ञ सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेचे सार तीन शब्दांत सांगता येते : पाहा, ऐका, जोडून द्या. कोणाला कशाची गरज आहे ते पाहा. तो बोलेल तेवढे शांतपणे ऐका. आणि त्याच्या माणसांशी व मदतीच्या साधनांशी त्याला जोडून द्या.

परंतु माझ्या मते याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे. आपत्ती माणसाच्या हातून केवळ घर हिरावून घेत नाही, तर कर्तेपणही हिरावून घेते. काल जो शेतकरी दहा जणांना जेवू घालीत होता, तो आज रांगेत थाळी घेऊन उभा असतो. त्याला आपण सदैव रांगेतच उभे ठेवले, तर पोट भरेल. मन उभे राहणार नाही. त्याच्या पुनर्वसनात त्याला कामाचा आणि निर्णयाचा वाटा मिळाला पाहिजे.

किल्लारीच्या परिसरातच याचे दोन्ही दाखले मिळतात. पूर्णपणे उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. घरे मजबूत होती, रस्ते रुंद व सरळ होते. परंतु जुन्या गल्ल्या, वाड्यांचा आडोसा आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार यांना अनेकजण पारखे झाले. उलट, ज्या गावांत घरांची दुरुस्ती घरमालकांनी स्वतः करावयाची होती, तेथे गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. त्यांनी शासनाची योजना घरोघर समजावून दिली आणि भूकंपात टिकेल असे बांधकाम कसे असते, हे स्वतः शिकून घेतले. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी आपल्या गुजरातेत कच्छचा भूकंप झाला, तेव्हा लातूरकडील अशाच स्त्रिया तेथील भगिनींना आपला अनुभव सांगण्यासाठी गेल्या. जी स्वतः ढिगाऱ्यातून उठली, तिने दुसरीला हात द्यावा, याहून मोठे औषध कोणते?

कोणी म्हणेल, दुःखाने बधिर झालेल्या माणसाला काम सांगणे निष्ठुरपणाचे आहे. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. काम लादू नये, हे खरेच. परंतु आपला तंबू कोठे असावा, आपल्या शेजारी कोण असावे, हे विचारणे म्हणजे काम लादणे नव्हे. तो माणसाचा मान राखणे होय. तसेच, महिने लोटले तरी ज्यांची झोप परतत नाही, जगण्याची इच्छाच उरत नाही, त्यांना धीराचे शब्द पुरत नाहीत. त्यांना वैद्यकीय उपचारच हवेत. भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक यासाठीच आहे. ताप आल्यावर डॉक्टरांकडे जाण्यात जशी लाज नाही, तशी यातही नाही.

मुलांच्या बाबतीत शाळा हेच मोठे औषध आहे. किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. ज्यांचे छत्र हरपले त्यांच्यासाठी हे कार्य थोरच होते. तथापि जेथे आईबाप वा आप्त हयात आहेत, तेथे झाडाखाली का होईना, गावातच शाळा लवकर भरावी, असे मला वाटते. घंटा, हजेरी, प्रार्थना आणि मधल्या सुट्टीतला खेळ यांतून मुलाला कळते की जग अजून चालू आहे.

विद्यार्थिमित्रहो, पूर पुन्हा येईल. त्या वेळी जुने कपडे व धान्य अवश्य गोळा करा; पण तेवढ्यावर थांबू नका. ज्या सोबत्याची वह्या-पुस्तके भिजली, त्याच्याजवळ बसून अभ्यास उतरवून द्या. तो गप्प राहिला तर गप्प बसा, बोलला तर ऐका. अफवा पसरवू नका. त्याला नुसती कीव देऊ नका; खेळात, कामात, वर्गाच्या जबाबदारीत बरोबरीने घ्या. आणि पाणी ओसरल्यावर सर्वांची वर्दळ थांबेल, तेव्हा महिन्याने पुन्हा एकदा त्याच्या घरी जा. पहिल्या दिवशी पुष्कळजण येतात; महिन्याने येणारा विरळा, आणि खरी गरज त्याचीच असते.