सावली पायाशी टेकायला हवी

बडोद्याच्या एका मराठी घरातले लग्न आटोपले, अल्बम आला आणि सर्वांच्या लक्षात आले, की कार्यालयाच्या अंगणात काढलेल्या एकत्र फोटोत थोरले काका नाहीत. रजा न मिळाल्याने ते दुबईतच अडकले होते. कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याने मग त्यांचा एक जुना फोटो संगणकावर कापून कडेला चिकटवला. कापणी अगदी सुबक! पण आजीने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाली, "अरे, हा असा अधांतरी काय उभा?"

आजीला संगणकातले काही कळत नाही. पण डोळा मात्र खरा. काकांना सावलीच नव्हती.

पुतण्याने लगेच फोटोशॉपमधली तयार 'ड्रॉप शॅडो' जोडली. ही सोय १९९८ साली पाचव्या आवृत्तीत आली. अक्षरांना, निमंत्रणपत्रिकेला ती शोभून दिसते. पण ती सावली पडते पाठीमागच्या भिंतीवर, जमिनीवर नव्हे. त्यामुळे काका आता खिळ्याला टांगलेल्या कॅलेंडरासारखे दिसू लागले.

अशा वेळी संगणक बाजूला ठेवून उन्हात उभे राहावे आणि स्वतःची सावली नीट पाहावी. पायाशी ती गडद आणि रेखीव असते, डोक्याकडे फिकट आणि धूसर होत जाते. याचे कारण असे, की सूर्य म्हणजे बिंदू नव्हे. आकाशात त्याची तबकडी सुमारे अर्धा अंश रुंद दिसते. वस्तूची कड सावलीपासून मीटरभर दूर असली, की सावलीची कड साधारण एक सेंटिमीटर पसरते. शिवाय सावली काळी नसते. तिच्यावर आकाशाचा उजेड पडतच असतो, म्हणून ती किंचित निळसर दिसते.

आता कृती. काकांच्या आकृतीची प्रत खालच्या लेयरवर घ्यावी, गडद रंगाने भरावी आणि पाय जागेवर ठेवून डिस्टॉर्टने जमिनीवर आडवी करावी. रंग मनाने न घेता शेजारच्याच्या सावलीतून उचलावा. ब्लेंड मोड मल्टिप्लाय ठेवला, की फरशीच्या रेघा सावलीतूनही दिसतात. पायाशी ब्लर अगदी थोडा, डोक्याकडे वाढवत न्यावा. शेवटी चपलांच्या तळाशी एक बारीक, गडद रेघ ओढावी. बहुतेकांकडून नेमकी हीच राहून जाते, आणि माणूस जमिनीवर टेकतो तो तिच्यामुळेच! गिंप या मोफत प्रोग्रॅममध्येही हे सारे करता येते.

दिशा मात्र डोळ्यांच्या भरवशावर ठरवू नये, कारण सावलीच्या बाबतीत डोळा सहज फसतो. केनेडी यांच्या हत्येचा आरोप असलेल्या ओस्वाल्डचा बंदूक घेतलेला १९६३ चा फोटो सावल्यांवरूनच बनावट ठरवला जात असे. २००९ मध्ये अमेरिकेतील संशोधक हनी फरीद यांनी संगणकावर त्रिमिती प्रतिकृती करून दाखवले, की नाकाखालची आणि जमिनीवरची सावली एकाच सूर्याची असू शकते. घरी साधा उपाय आहे. प्रत्येकाच्या सावलीच्या टोकापासून त्याच्या डोक्याच्या टोकापर्यंत रेषा ओढावी. या रेषा वाढवल्या, की एकाच बिंदूत मिळतात, क्वचित समांतर राहतात. नव्या माणसाची रेषाही त्यांत बसली पाहिजे.

बडोद्याच्या फोटोत हेच अडले. काकांच्या चेहऱ्यावर ऊन उजवीकडून, बाकीच्यांवर डावीकडून. पुतण्याने फोटो उलटा केला, तर घड्याळ उजव्या मनगटावर आणि शर्टाचा खिसाही उजवीकडे! आजीने तेही पकडले.

अखेर दुबईला फोन गेला. काकांनी तिसऱ्या प्रहरी इमारतीच्या आवारात उभे राहून, डावीकडून ऊन घेत, नवा फोटो काढून पाठवला. तो बसला. आजीने अल्बममध्ये लावण्यापूर्वी फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिले, 'लग्नाच्या वेळी हा दुबईत होता.'