नदीचा तळ बेवारस नाही

मागच्या रविवारी आमच्या सातपूरच्या घरी नातवाने एक बेत मांडला. परदेशात लोक सुट्टीच्या दिवशी नदीत पंप लावून तळाची वाळू ओढतात आणि त्यातून सोन्याचे कण वेचतात, हे त्याने मोबाइलवर पाहिले होते. "आजोबा, सोमेश्वरला जाऊ या. मामा शेतावरचा छोटा पंप देईल!"

मी हसलो खरा, पण विचारात पडलो. रामकुंडावर दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढणारी मुले आपण सारेच पाहतो. ज्यांचे पोट त्यावर आहे, त्यांच्याविषयी मला बोलायचे नाही. पण निव्वळ हौसेखातर यंत्र लावून तळ उपसायचा, तर दोन प्रश्न आधी विचारायला हवेत.

तिथे सोने आहे का? ब्रह्मगिरीपासून सातपूरपर्यंत गोदावरी येते ती काळ्या कातळावरून. लाव्हारसाच्या या खडकात नदीने वाहून आणावे असे सोने सहसा नसतेच. वाळू धुऊन कण वेचणारे सोनझरी वैनगंगेच्या खोऱ्यातले. तिकडचे खडक वेगळे, फार जुने.

आणि तळ कुणाचा? 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे नदीचे पात्र सरकारचे. परवानगीवाचून वाळू काढली तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, यंत्र आणि वाहनही जप्त होऊ शकते. सोन्याचा नुसता शोध घ्यायलाही 1957 च्या खनिज कायद्याखाली परवाना लागतो. त्यात 'हौस' नावाचा रकाना नाही. मातीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तरी 1878 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते!

ज्या कॅलिफोर्नियात 1849 साली सोन्यासाठी झुंबड उडाली, त्या राज्यानेही 2009 साली पंपाने तळ उपसण्याला स्थगिती दिली. जुन्या खाणकामगारांनी वापरलेला पारा तिथल्या गाळात बसला आहे. पंप तो ढवळून वर काढतो, आणि माशांची अंडी घालण्याची जागाही उद्ध्वस्त होते.

पण मला खरी धास्ती वाटते ती खड्ड्याची. आज गुडघाभर पाण्यात आपण वाळू ओढतो आणि घरी निघून जातो. खड्डा मात्र तिथेच राहतो, वरून दिसत नाही. उद्या दुसऱ्याच कुणाचे पोर त्याच ओळखीच्या पाण्यात पाऊल टाकते. शिवाय वर गंगापूर धरण आहे. विसर्ग सुरू झाला की पाणी चढायला वेळ लागत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये दुतोंड्या मारुती बुडालेला आपण पाहिला आहे. पंपाच्या आवाजात काठावरची हाक तरी ऐकू येईल का?

नातवाला नुसते 'नाही' म्हणणे जिवावर आले. म्हणून ओळखीच्या वर्कशॉपमधून मूठभर पितळी कीस आणला, घरच्या बांधकामातली उरलेली वाळू घेतली आणि अंगणात परात मांडली. पितळ वाळूच्या तिपटीहून जड, सोने तर सातपट. परात पाण्यात हलकेच फिरवली की वाळू काठावरून निघून जाते, जड कण तळाशी राहतात. संध्याकाळपर्यंत त्याने चिमूटभर पिवळे कण जमवले.

"आजोबा, हे खरे सोने नाही ना?"

"नाही रे. पण यासाठी नदीत खड्डा पडला नाही, हे खरे."