जंगलालाही निंदण लागतं

आपल्या अनसिंगच्या शेतातला काळा दगड आणि मॉरिशसचा काळा दगड, दोघांचं मूळ एकच असं भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीखालच्या ज्या तप्त ठिकाणावर दख्खनचा लाव्हा उसळला, त्यातूनच फार नंतर मॉरिशसचं बेट उभं राहिलं. 1834 नंतर तिथल्या ऊसमळ्यांवर नेलेल्या मजुरांत मराठी माणसंही होती. गणेश चतुर्थीला तिथं आजही सरकारी सुट्टी असते, बरं का!

त्या बेटावर मूळचं चांगलं जंगल आता दोन टक्क्यांहून कमी उरलंय. डचांनी आबनूस तोडला, मग ऊस आला. उरलंसुरलं वाचवायला 1994 मध्ये ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान झालं, साधारण साडेसहा हजार हेक्टरचं. कुऱ्हाड थांबली म्हणजे काम झालं, असं आपल्याला वाटेल. पण बाहेरून आणलेला चिनी पेरू आत घुसला होता. फळ गोड, लोक आवडीनं खातात, माकडं-डुकरं बी पसरवतात आणि त्याच्या दाटीत मूळ झाडाचं रोप वरच येत नाही. शेवटी काही तुकड्यांना कुंपण घालून माणसं लावली, पेरू उपटायला. एकदा उपटून भागत नाही, पुन्हा पुन्हा जावं लागतं. तिथलं गुलाबी कबूतर 1990 च्या सुमारास रानात जेमतेम दहा उरलं होतं. पिल्लं वाढवून सोडली, उंदीर-मांजरं आवरली, आज ते काहीशेंवर आहे.

आणि आपण? 2019 मध्ये राज्यानं 33 कोटी झाडांचा गाजावाजा केला. खड्डा, रोप, फोटो. कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांचं आहे. काळविटाला गवताचं माळरान लागतं, तिथं झाडांची गर्दी करणं म्हणजे त्याचं घर मोडणं. पण माळ दिसला की आपण त्याला पडीक म्हणतो. रानात घाणेरी आणि वेडी बाभूळ माजली तरी लांबून हिरवंच दिसतं, मग कोण बोलणार!

वन विभागाला माझा साधा प्रश्न आहे. यंदा रोपांवर किती खर्च झाला आणि घाणेरी, वेडी बाभूळ मुळासकट काढायला किती? दुसरा आकडाही जाहीर करा. आणि हे काम रोजगार हमीतून का निघू नये? सोयाबीनचं निंदण संपलं की आमच्या बायांच्या हाताला काम नसतं. कोणतं रोप ठेवायचं आणि कोणतं उपटायचं हे त्यांना फोटोवाल्या साहेबांपेक्षा जास्त कळतं.

ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे. सोबत कोण येतंय, खाली लिहा.