मुदतवाढ ठेकेदाराला, बाया मात्र शून्यावर

तालुक्याच्या प्लास्टिक कचरा युनिटचा ठेका संपत आला की सभेपुढे विषय येतो: विद्यमान ठेकेदारास मुदतवाढ देणेबाबत. दोन मिनिटांत ठराव मंजूर होतो. संशोधनासाठी मी असे ठराव आणि करारनामे वाचते. त्यांत टन असतात, गाड्या असतात, मशीनची क्षमता आणि अनामत रक्कम असते. हाताने कचरा निवडणाऱ्या माणसांबद्दल बहुधा एकच ओळ असते. मनुष्यबळ ठेकेदाराने पुरवायचं, एवढंच. माझं म्हणणं असं की ही ओळ बदलल्याशिवाय मुदतवाढ देऊ नये.

आधी पैशाचं बघू. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण)चा दुसरा टप्पा २०२० मध्ये मंजूर झाला. त्यात घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंतच्या गावाला माणशी ६० रुपयांपर्यंत, त्याहून मोठ्या गावाला ४५ रुपयांपर्यंत आणि प्लास्टिक युनिटसाठी तालुक्याला १६ लाखांपर्यंत तरतूद होती. त्यातून शेड आणि मशीन उभं राहतं. रोजची मजुरी कोण देणार? पंधराव्या वित्त आयोगाचा मुक्त निधी पगारावर खर्च करायला मनाई होती. ठेका दिला की पगाराचं सेवेच्या बिलात रूपांतर होतं. मग सर्वांत कमी दराची निविदा जिंकते. डिझेलचा भाव ठेकेदाराच्या हातात नसतो, मशीनचा खर्च टळत नाही. कापायला उरते ती मजुरी.

मी ज्या युनिटमध्ये जात होते तिथे सात बाया जमिनीवर बसून प्लास्टिक निवडायच्या. सातही जणी मातंग आणि बौद्ध वस्तीतल्या. गाडीचा चालक, हिशेब ठेवणारा मुकादम आणि ठेकेदार वरच्या आळीतले. ठेकेदाराला दोनदा मुदतवाढ मिळाली. पुढच्या निविदेत तो अनुभवी म्हणून पुढे असेल. बायांकडे या वर्षांचा एकही कागद नाही, ना नेमणूकपत्र, ना पगाराची पावती. काम एकाच शेडमध्ये झालं. अनुभव एकाच्याच नावावर जमा झाला.

कायदाही इथे आखडता हात घेतो. भविष्यनिर्वाह निधीला साधारण २० कामगार लागतात, ईएसआयला १०. ठेका कामगारांच्या १९७० च्या कायद्याची अट २० ची होती, नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ती ५० झाली. सात जणींचं युनिट वेगळं दाखवलं की या सगळ्या चाळणीतून ते खाली पडतं.

त्याच संहितेत मुख्य कामासाठी ठेका कामगार लावायला बंदी आहे. पण आस्थापना त्याच कामासाठी उभारलेली नसेल, तर झाडलोट, सफाई आणि सर्व प्रकारच्या कचऱ्याची विल्हेवाट मुख्य कामातून वगळली आहे. उलट संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतीकडे द्यायच्या २९ विषयांत आरोग्य व स्वच्छता हा २३वा विषय आहे. संविधान जे काम पंचायतीचं म्हणतं, ते करणारी माणसं मात्र पंचायतीची नाहीत. जातीने ज्यांच्यावर हे काम जन्माने लादलं, त्यांना करारानेही वेशीबाहेरच ठेवलं आहे.

कुणी म्हणेल, मुदतवाढ अडवली तर बायांचीच रोजी जाईल. ही भीती खरी आहे, आणि ठेकेदार तिच्यावरच जगतो. म्हणून युनिट बंद करा असं मी म्हणत नाही. मुदतवाढीला अटी घाला. कामगारांची नावं आणि कामाला लागल्याची तारीख करारात लिहा. ठेकेदार बदलला तरी तीच माणसं कामावर राहतील असं कलम घाला. किमान वेतन थेट बँक खात्यात जमा झाल्याचा पुरावा जोडल्याशिवाय बिल काढू नका. हातमोजे, बूट, धनुर्वाताची लस आणि साबण-पाणी यांचा खर्च मजुरीतून कापू नका. आणि बायांनी सहकारी संस्था काढली तर ठेका आधी तिला विचारा. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेशी महापालिकेने २००८ मध्ये करार केला, म्हणजे ही कल्पना हवेतली नाही.

लढा जिंकताही येतो. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने महापालिकेच्या २,७०० ठेका कामगारांसाठी वर्षानुवर्षं कोर्टात झुंज दिली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. पण त्यासाठी आधी सिद्ध करावं लागतं की हीच माणसं इतकी वर्षं हेच काम करत होती. त्याला कागद लागतो.

इथे आपलं काम सुरू होतं. आपल्यातल्या अनेकांच्या घरात करारनामा वाचू शकणारी आपली पहिली पिढी आहे. बहुतेक राज्यांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होते. त्याआधी माहिती अधिकारात ठेक्याची प्रत, बिलं आणि हजेरीपट मागवा. वस्तीत बसून तो मोठ्याने वाचा. मग ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा: या मुदतवाढीत आमच्या बायांची नावं कुठे आहेत? आणि मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.