एनर्जीची पट्टी

ऑफिसात कोणी सलग दोन दिवस जांभया दिल्या की पलीकडच्या क्यूबिकलमधून सल्ला ठरलेला. "अरे, बी-कॉम्प्लेक्स घे, एनर्जी येईल!" मग घरी जाताना मेडिकलमधून एक पट्टी घेतली जाते, दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीधमक होते आणि गोळी लागू पडली असं वाटतं. तो पिवळा रंग असतो बी-२चा. शरीराने जादाचं बाहेर टाकलं, एवढाच त्याचा अर्थ.

मुळात बी जीवनसत्त्वांत एनर्जी नसतेच. एक कॅलरीसुद्धा नाही. एनर्जी असते पोळीत, भातात, तेलात. ती मोकळी करायला पेशींतल्या एन्झाइम्सना मदतनीस लागतात आणि ते काम बी-१, बी-२, बी-३ वगैरे मंडळी करतात. गाडीला ऑइल लागतं हे खरं, पण लेव्हल बरोबर असताना वर अजून लिटरभर ओतलं म्हणून अ‍ॅव्हरेज वाढत नाही. रात्री दीडपर्यंत क्लायंट कॉल आणि सकाळी साडेसातची बस, यावर बिचारी गोळी काय करणार?

म्हणजे सगळी थापच का? तर नाही. बी-१२चं प्रकरण वेगळं आहे, आणि आपल्यासारख्या शाकाहारी घरांत तर फारच वेगळं.

बी-१२ कुठलीही वनस्पती बनवत नाही, कुठलाही प्राणी बनवत नाही. ते फक्त काही जिवाणूंनाच जमतं. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू ते तयार करतात आणि मग ते दुधात, मांसात उतरतं. पालक, बीट, मोड आलेली मटकी यांचे बाकी गुण मान्य, पण बी-१२च्या खात्यात शून्य. राहिलं दूध. कपभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम, आणि रोजची गरज दोन-अडीच. आता दिवसातून दोनदा चहात पडतं तेवढंच दूध ज्यांच्या पोटात जातं, त्यांनी हिशोब करून पाहावा.

पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने हा हिशोब रक्तात मोजला. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ वरकरणी निरोगी पुरुष त्यांनी तपासले. २००६ साली छापलेल्या निष्कर्षांनुसार ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के! म्हणजे आपल्याच सोसायटीतले काका. रक्तातला आकडा कमी म्हणजे लगेच आजार झाला असं नव्हे, हे खरं. पण दहातल्या आठांचा आकडा कमी, हे काही हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

कारण बी-१२ नुसतं रक्तासाठी लागत नाही, नसांवरचं आवरण टिकवायलाही लागतं. माझ्या मावशीच्या तळपायांना वर्षभर मुंग्या येत होत्या. चालताना गादीवर पाय पडल्यासारखं वाटतं म्हणायची. "वय झालं आता" हे घरातल्या सगळ्यांचं निदान. मावशी पूर्ण शाकाहारी, त्यात डायबेटिससाठी मेटफॉर्मिन दहा वर्षं चालू. मेटफॉर्मिनने बी-१२चं शोषण कमी होतं, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्यानेही होतं. शेवटी एका तरुण डॉक्टरने तपासणी लिहून दिली. इंजेक्शनं सुरू झाल्यावर थकवा गेला, मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. पूर्ण गेल्या नाहीत. नसांचं नुकसान जुनं झालं की सगळं परत मिळेलच असं नसतं.

फॉलिक अ‍ॅसिडचा किस्साही इथलाच. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा अ‍ॅनिमिया यीस्टच्या अर्काने बरा होतो हे त्यांनी १९३१ साली मांडलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढे सापडलेलं फॉलिक अ‍ॅसिड. मोठंच काम. पण गोम अशी की बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्त सुधारतं आणि आत नसा बिघडतच राहतात. म्हणून अंदाजाने पट्ट्या घेण्यावर माझा राग आहे. बी-६चे मोठे डोस महिनोन्महिने घेतले तर त्यानेच हातापायांना मुंग्या येऊ लागतात, हे तर अजूनच भारी.

आमच्या कंपनीच्या वार्षिक चेकअपमध्ये ट्रेडमिलवर पळवतात, छातीचा एक्सरे काढतात, पण बी-१२ नाही. एचआरला मेल टाकलाय, बघू.

घरी मात्र खरी अडचण वेगळीच असते. "आमच्या सात पिढ्या शाकाहारी, कोणाला काय झालं?" काय झालं ते कोणी मोजलंच नव्हतं, आजी! आणि ही गोळी घेतल्याने कोणाचा शाकाहार बुडत नाही. औषधातलं बी-१२ जिवाणूंकडूनच, आंबवून बनवतात. कॅप्सूलचं कवच बरेचदा जिलेटिनचं असतं, तेव्हा फार वाटत असेल तर साधी गोळी मागा.

आई-बाबांची शुगर तपासायला लॅबवाला सकाळी घरी येतोच. त्याच रक्तात बी-१२ही करून घ्या, आणि रिपोर्ट मेडिकलवाल्याला नाही, डॉक्टरला दाखवा.